जुनं इंजिन खोलताना काय बघायचं? मारुती ८०० च्या इंजिनावरून समजून घेऊ

जुनी गाडी निळा धूर सोडायला लागली, पिकअप गेला, ऑइल कमी व्हायला लागलं की गॅरेजमध्ये एक ठरलेलं वाक्य ऐकू येतं, "इंजिन करावं लागेल." पण इंजिन 'करणं' म्हणजे नेमकं काय? कुठे त्याचा अर्थ फक्त रिंग बदलणं असतो. कुठे हेडचं काम, तर कुठे बोअरिंग, नवे पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग असं सगळंच. खर्चात दुप्पट-तिप्पट फरक पडतो. आणि यातल्या काही गोष्टी एकदा केल्या की परत फिरवता येत नाहीत, हे फार कमी लोक सांगतात.

म्हणून या लेखात आपण जास्त चाललेलं पेट्रोल इंजिन कोणत्या क्रमाने खोलायचं, प्रत्येक पायरीला काय बघायचं, काय मापायचं आणि त्यावरून निर्णय कसा घ्यायचा ते बघू. लेख वाचून तुम्ही स्वतः पाने हातात घ्याल असं नाही. पण गॅरेजमध्ये उभं राहून योग्य प्रश्न विचारता आले तरी बरेच पैसे वाचतात.

उदाहरण कोणत्या गाडीचं?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. डिग्री कॉम्प्युटरची, रोजचं काम कोड आणि लॉगशी. पण कोल्हापूरला मामांकडे १९९७ ची मारुती ८०० आहे आणि तिचं इंजिन खोलायच्या कामात मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत होतो. सर्व्हिसच्या वहीप्रमाणे रनिंग साधारण १ लाख ७२ हजार किमी. गॅरेजच्या मिस्त्रींनी 'फुल इंजिन'चा अंदाज ३८ हजार रुपये सांगितला होता. मामांचं म्हणणं, "एवढ्यात तर दुसरी जुनी गाडी येईल. भंगारात देऊन टाकतो." म्हणजे प्रश्न सरळ होता. हे इंजिन खरंच इतकं झिजलंय का? ते मापल्याशिवाय कळणार नव्हतं. मिस्त्री मापायला तयार झाले, हे महत्त्वाचं.

मारुती ८०० ची पहिली गाडी डिसेंबर १९८३ मध्ये ग्राहकाच्या हातात गेली आणि उत्पादन २०१४ च्या सुरुवातीला थांबलं. तिचं हे जुनं इंजिन सुझुकीचं एफ८बी. ७९६ सीसी, ३ सिलिंडर, प्रत्येक सिलिंडरला २ व्हॉल्व्ह. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, कॅमशाफ्ट वर हेडमध्ये आणि तो फिरवायला टायमिंग बेल्ट. सिलिंडरचा व्यास म्हणजे बोअर ६८.५ मिमी, पिस्टनचा वर-खाली प्रवास म्हणजे स्ट्रोक ७२ मिमी. शिकायला यापेक्षा सोपं इंजिन मिळणं अवघड.

१ लाख ७२ हजार किमी म्हणजे इंजिनासाठी किती? एक ढोबळ हिशोब करू. सरासरी वेग ताशी ३० किमी आणि सरासरी २,५०० आरपीएम धरलं, तर इंजिन साधारण ५,७०० तास चाललं आणि क्रँक जवळजवळ ८६ कोटी वेळा फिरला. प्रत्येक फेरीत पिस्टन ७२ मिमी वर आणि ७२ मिमी खाली जातो. म्हणजे गाडी रस्त्यावर पावणेदोन लाख किमी गेली तेव्हा प्रत्येक पिस्टन सिलिंडरच्या आतल्या आत सव्वा लाख किमीच्या आसपास घासत गेला. पृथ्वीला तीन फेऱ्या! तरी झीज मोजावी लागते ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. हे सगळं ऑइलच्या पातळ थराचं काम आहे.

पायरी १ : खोलण्याआधीच्या चाचण्या

आमच्या क्षेत्रात एक नियम असतो. बग दिसला की आधी लॉग वाचायचे, मग कोडला हात लावायचा. इंजिनाचंही तसंच. एकदा खोललं की चालू इंजिनाने दिली असती ती माहिती कायमची गेली. म्हणून आधी या गोष्टी:

धुराचा रंग. गाडी रात्रभर उभी राहून सकाळी स्टार्ट केल्यावर थोडा वेळ निळा धूर येऊन बंद होत असेल तर संशय व्हॉल्व्ह सीलवर. ॲक्सिलरेटर दाबल्यावर सतत निळा धूर असेल तर रिंग आणि सिलिंडरवर. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, तो बहुतेक वेळा कार्ब्युरेटरचा विषय. इंजिन गरम झाल्यावरही थांबत नसलेला पांढरा धूर आणि रेडिएटरमधलं पाणी कमी होणं म्हणजे पाणी सिलिंडरमध्ये शिरतंय.

कॉम्प्रेशन टेस्ट. इंजिन गरम करायचं, तिन्ही स्पार्क प्लग काढायचे, इग्निशन आणि पेट्रोलचा पुरवठा तोडायचा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा आणि प्लगच्या जागी गेज लावून स्टार्टर मारायचा. बॅटरी दमदार हवी, नाहीतर आकडे खोटे येतात. या इंजिनात तब्येत चांगली असेल तर आकडा १७० पीएसआयच्या आसपास असतो. १४० च्या खाली गेला की काळजी. सिलिंडर-सिलिंडरमध्ये १४-१५ पेक्षा जास्त फरक असेल तर त्याहून काळजी.

आमचे आकडे असे आले. पहिला सिलिंडर १४०, दुसरा १३८, तिसरा ८५.

मग तीच टेस्ट ओली. प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा गेज लावायचं. ऑइल रिंगच्या फटी तात्पुरत्या बुजवतं. त्यामुळे आकडा चढला तर गळती रिंगमधून होती. चढला नाही तर गळती वरून, म्हणजे व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटमधून. आमचा पहिला १४० वरून १५८ वर गेला, दुसरा १५५ वर. तिसरा मात्र ८५ वरून जेमतेम ९२.

इथेच मोठी गोष्ट कळली. इंजिनात एक नाही, दोन वेगवेगळे आजार होते. तिन्ही सिलिंडरच्या रिंग थोड्या दमलेल्या, आणि तिसऱ्यात त्याशिवाय वरच्या बाजूला काहीतरी बिघडलेलं. सगळ्यात वाईट आकडा तिसऱ्याचा, पण त्याचं कारण बोअर असण्याची शक्यता कमी होती.

लीक-डाउन टेस्ट. गॅरेजमध्ये कॉम्प्रेसर असेल तर ही जरूर करून घ्या. पिस्टन सगळ्यात वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, आणि प्लगच्या भोकातून दाबाने हवा सोडायची. मग कान लावायचा. हवा सायलेन्सरमधून सुसकारली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. कार्ब्युरेटरमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह. ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंग. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा तडा. आमच्या तिसऱ्या सिलिंडरची हवा सरळ सायलेन्सरमधून येत होती.

पायरी २ : ऑइल काय सांगतं?

जुनं ऑइल थेट डब्यात ओतू नका. पांढऱ्या सुती कापडातून गाळा आणि कापड उन्हात धरून बघा. लोखंडाचा चुरा चुंबकाला चिकटतो. चांदीसारखी चमकणारी पण चुंबकाला न चिकटणारी कणी ॲल्युमिनियमची असते, म्हणजे पिस्टन किंवा बेअरिंगची. ऑइल दुधाळ, कॉफीसारखं झालं असेल तर त्यात पाणी आहे. अगदी बारीक करडी पूड जुन्या इंजिनात असतेच. बोटांना कणी टोचली तर मात्र खालची बेअरिंग नीट बघायची असं लिहून ठेवा.

हे ऑइल गटारात किंवा झाडाखाली टाकायचं नाही. बंद डब्यात भरून जुनं ऑइल घेणाऱ्याकडेच द्यायचं.

पायरी ३ : मोबाइल हेच तुमचं रेकॉर्ड

खोलणं सोपं असतं. जोडताना 'हा पाइप कुठला?' हा प्रश्न येतो. इथे मोबाइलचा खरा उपयोग आहे.

• कुठलाही पार्ट काढण्याआधी एक फोटो लांबून, एक जवळून. लांबचा नसेल तर जवळच्याचा काही उपयोग नाही.
• प्रत्येक व्हॅक्युम पाइप आणि वायरला चिकटपट्टी लावून नंबर द्या, मग फोटो काढा.
• बोल्ट झिपच्या पिशव्यांत, प्रत्येक पिशवीवर मार्करने नाव. 'वॉटर पंप, ५ बोल्ट, १ लांब' एवढं सविस्तर.
• हात ऑइलने भरलेले असतात तेव्हा टाइप करण्यापेक्षा व्हॉइस नोट बरी.
• मापं स्प्रेडशीटमध्ये, त्याच दिवशी.
• मोबाइलला जोडायचा छोटा बोरस्कोप कॅमेरा मिळतो. प्लगच्या भोकातून आत घालून पिस्टनचा माथा आणि सिलिंडरची भिंत न खोलताच बघता येते.

आणि मोबाइलने काय करायचं नाही? कॅमेऱ्याने लांबी मोजणारे ॲप इथे बिनकामाचे. त्यांची चूक मिलिमीटरमध्ये असते आणि आपल्याला मिलिमीटरचा शंभरावा भाग हवाय. आवाज ऐकून इंजिनाचा आजार सांगतो म्हणणाऱ्या ॲपवर तर एक रुपयाचाही खर्च ठरवू नका.

पायरी ४ : हेड उतरवणं

बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढायची. मग पाणी, ऑइल, पेट्रोलची लाइन. टायमिंग बेल्ट काढण्याआधी क्रँक फिरवून टायमिंगच्या खुणा जुळवायच्या आणि फोटो काढायचा. इंजिन पूर्ण थंड असल्याशिवाय हेडच्या बोल्टना हात लावायचा नाही. ॲल्युमिनियमचं हेड गरम असताना सैल केलं तर वाकू शकतं. बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे करत दोन-तीन फेऱ्यांत सैल करायचे. बसवताना बरोबर उलटं, मधून बाहेर, आणि टॉर्क रेंचनेच.

हेड वर आलं की पुसायची घाई नको. आधी बघा. तिन्ही खोल्यांचा रंग सारखा आहे का? ओलसर काळी काजळी म्हणजे तिथे ऑइल जळतंय. एखादीच खोली वाफेने धुतल्यासारखी स्वच्छ असेल तर पाणी शिरत होतं. गॅस्केटवर दोन सिलिंडरच्या मध्ये काळा पट्टा दिसला तर तिथून गॅस फुटत होता. हे सगळं रॉकेलने धुतलं की पुरावा संपला.

आता तीन तपासण्या.

सपाटी. हेडवर स्ट्रेट एज, म्हणजे खात्रीची सरळ पट्टी उभी ठेवायची. लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर. खाली फीलर गेजचं पातं जातं का बघायचं. ०.०५ मिमीचं पातं शिरलं तर हेड मशीन शॉपला जाणार. आमच्याकडे ०.०३ चं कसंबसं शिरलं. पास.

व्हॉल्व्हची गळती. हेड उलटं ठेवून, प्लग लावून, खोलीत रॉकेल ओतायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. पोर्टमधून रॉकेल पाझरलं तर तो व्हॉल्व्ह बसत नाही. आमच्या पहिल्या दोन खोल्यांत पातळी जवळपास तशीच राहिली. तिसऱ्यातून एक्झॉस्टच्या बाजूने लगेच धार लागली.

गाइड आणि सील. व्हॉल्व्ह थोडा उचलून हलवायचा. लटपटत असेल तर गाइड झिजलंय. रबरी सील नखाने दाबून बघायचं. आमचे सहाही सील प्लॅस्टिकसारखे कडक झाले होते.

तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बाहेर काढला तर त्याची कड एका जागी जळून नखाएवढी खाच पडलेली. असं का होतं? एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सतत जळत्या गॅसमध्ये असतो. त्याची बरीचशी उष्णता सीटला टेकल्यावर हेडमध्ये जाते. टॅपेटमधली फट फार कमी झाली तर व्हॉल्व्ह पूर्ण टेकत नाही. मग उष्णता जायला वाट नाही आणि फटीतून गरम गॅस सुटतो, गॅस वेल्डिंगच्या ज्योतीसारखा. कड जळणारच.

इथे एक गैरसमज सांगतो. 'टॅपेट वाजत नाही म्हणजे इंजिन छान' असं लोक म्हणतात. व्हॉल्व्ह आणि सीट झिजतात तसा व्हॉल्व्ह हळूहळू वर सरकतो आणि टॅपेटची फट कमी होते. म्हणजे टॅपेट गप्प होतो. थोडा टकटक आवाज करणारा टॅपेट कानाला त्रास देतो, एकदम गप्प झालेला मात्र व्हॉल्व्ह जाळू शकतो. ज्या इंजिनात टॅपेट हाताने सेट होतात तिथे फीलर गेजने ते वेळोवेळी बघायलाच हवेत.

पायरी ५ : सिलिंडरचं माप, सगळा निर्णय इथे

सिलिंडर वर-खाली सारखा झिजत नाही. पिस्टन अगदी वर पोचतो तेव्हा क्षणभर थांबतो. वेग शून्य झाला की ऑइलचा थर तुटायला येतो, आणि नेमकं त्याच वेळी स्फोटाचा दाब आणि उष्णता सगळ्यात जास्त असते. म्हणून वरची रिंग जिथून परत फिरते तिथे झीज जास्त. त्याच्या वर रिंग पोचतच नाही, तिथे मूळ धातू राहतो. बोट फिरवलं की ही कड जाणवते. तसंच कनेक्टिंग रॉड तिरका असल्याने पिस्टन एका बाजूच्या भिंतीवर जास्त रेटला जातो, त्यामुळे भोक किंचित अंडाकृती होतं.

म्हणून एकच माप घेऊन चालत नाही. प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली असा तीन जागी, आणि प्रत्येक जागी दोन दिशांनी मोजायचा. सहा मापं प्रत्येकी, तिघांची अठरा. अवजार म्हणजे डायल बोअर गेज, मायक्रोमीटरवर सेट केलेलं. साध्या व्हर्निअरने हे काम होत नाही. आम्ही ब्लॉक शिवाजी उद्यमनगरातल्या एका मशीन शॉपमध्ये नेला. कोल्हापुरात फाउंड्री आणि लेथच्या कामाची परंपरा जुनी, त्यामुळे मापणारा माणूस शोधावा लागला नाही. तुमच्या गावात नसेल तर जवळच्या एमआयडीसीत विचारा.

तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात झिजलेल्या सिलिंडरची मापं अशी आली. वर ६८.५५ आणि ६८.५३, खाली ६८.५१. म्हणजे उतार, ज्याला मशीन शॉपमध्ये टेपर म्हणतात, तो ०.०४ मिमी. अंडाकृतीपणा ०.०२ मिमी. सुझुकीच्या अशा छोट्या इंजिनांना दोन्हींची मर्यादा साधारण ०.१० मिमी असते. पहिला आणि दुसरा सिलिंडर याहूनही बरे होते. भिंतीवर नखाला अडकेल असा एकही ओरखडा नव्हता.

म्हणजे ८६ कोटी फेऱ्यांनंतरही सिलिंडर मर्यादेच्या निम्म्यातही संपला नव्हता. बोअरिंगची गरज नव्हती.

हे इतकं महत्त्वाचं का? बोअरिंग म्हणजे सिलिंडर कापून मोठा करणं. या इंजिनाला मोठ्या साइजचे पिस्टन दोनच, ०.२५ आणि ०.५० मिमी जास्तीचे. म्हणजे ६८.७५ आणि ६९. दुसऱ्या साइजला पोचलात की इंजिन ७९६ ऐवजी साधारण ८०८ सीसीचं होतं आणि पुढचा रस्ता बंद. मग उरतं ते स्लीव्ह ठोकणं किंवा ब्लॉक बदलणं. कापलेला धातू परत येत नाही. गरज नसताना बोअरिंग केलं तर तुम्ही इंजिनाचं एक पूर्ण आयुष्य उगाच खर्च करता.

गेज नसेल तर एक देशी उपाय आहे. जुनी वरची रिंग काढा, सिलिंडरच्या तळाशी पिस्टनच्या माथ्याने ढकलून आडवी सपाट बसवा आणि तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने मोजा. मग तीच रिंग वर, झिजेच्या जागी ठेवून मोजा. दोन फटींमधला फरक भागिले ३.१४ म्हणजे व्यासातला फरक. वर फट ०.१२ मिमीने जास्त आली, तर टेपर साधारण ०.०४ मिमी. परिघ आणि व्यासाचं शाळेतलं गणित, बाकी काही नाही. अंडाकृतीपणा यातून कळत नाही, पण 'मापायला मशीन शॉपला जावं का' एवढं नक्की कळतं.

पायरी ६ : पिस्टन आणि रिंग

पिस्टन वरून बाहेर येतात, पण आधी वरची काजळी आणि कड साफ करायची, नाहीतर रिंग अडकून पिस्टनची धार तुटते. रॉडच्या बोल्टवर रबरी पाइपचे तुकडे घालायचे, म्हणजे क्रँकला ओरखडे पडत नाहीत. प्रत्येक रॉड आणि त्याची कॅप ही जोडी असते. नंबर टाका, दिशा खुणेने ठेवा, अदलाबदल कधीच नाही.

आमच्या वरच्या रिंगांची फट ०.८ मिमीच्या पुढे गेली होती. मर्यादा ०.७. खालच्या ऑइल रिंगांची अवस्था आणखी वाईट, काजळीने खाचेत चिकटून बसलेल्या. त्या हलत नसतील तर भिंतीवरचं ऑइल खरवडणार कसं? गाडी ऑइल का खात होती याचं उत्तर इथे मिळालं. पिस्टन मात्र मापात होते, खाचाही शाबूत.

पायरी ७ : क्रँक आणि बेअरिंग

बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या क्रमाने मांडून बघा. सारखी, फिकट राखाडी झीज चांगली. वरचा मऊ थर जाऊन खालचा वेगळा रंग दिसायला लागला, रेघा पडल्या किंवा एकाच कडेला घास दिसला तर कारण शोधायला हवं. क्रँकचे जर्नल मायक्रोमीटरने मोजायचे, प्रत्येक दोन दिशांनी. बेअरिंगमधली फट मोजायला प्लास्टीगेज नावाचा मऊ मेणासारखा धागा मिळतो. जर्नलवर ठेवायचा, कॅप टॉर्कने आवळायची, क्रँक न फिरवता परत उघडायची. धागा जितका चपटा झाला तितकी फट कमी. सोबतच्या पट्टीवर थेट आकडा वाचता येतो.

आमचा क्रँक स्टँडर्ड मापात निघाला. ग्राइंडिंग नाही. तरी बेअरिंग नवे घातले, कारण ते क्रँकपेक्षा खूप स्वस्त आणि इंजिन परत परत खोलायचं नसतं.

मग ठरलं काय?

मूळ अंदाजातून बोअरिंग, पिस्टन सेट आणि क्रँक ग्राइंडिंग गळालं. काम राहिलं ते असं: एक नवा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, सगळ्या सीटची घासणी, सहा सील, रिंग सेट, बेअरिंग, गॅस्केट किट, टायमिंग बेल्ट, आणि सिलिंडरला हलकं होनिंग. होनिंगमध्ये भिंतीवर आडव्या-तिरक्या बारीक रेघा पडतात, त्यात ऑइल टिकतं आणि नवी रिंग नीट बसते. होनिंगनंतर ब्लॉक गरम पाणी आणि साबणाने धुवायचा, पांढरं कापड काळं व्हायचं थांबेपर्यंत, आणि लगेच ऑइल लावायचं. दगडाची पूड आत राहिली तर नवी रिंग महिन्यात जुनी होते.

एकूण बिल २१ हजार झालं. हजार किमीनंतर पुन्हा कॉम्प्रेशन घेतलं, तिन्ही सिलिंडर १६० च्या वर आणि आपसात ५ पीएसआयच्या आत. मामांनी भंगाराचा विषय सोडला.

मिस्त्रींचा पहिला अंदाज चुकीच्या हेतूने होता असं मी अजिबात म्हणणार नाही. न मापता कुणीही सावध आकडाच सांगेल. आणि मापं उलटी आली असती, टेपर ०.१५ निघाला असता, तर ३८ हजारच योग्य ठरले असते. तेव्हा फक्त रिंग बदलून पैसे वाचवले असते तर वर्षभरात धूर परत आला असता.

कामाला लावण्याआधी हे विचारा

१. कॉम्प्रेशनचे कोरडे आणि ओले, दोन्ही आकडे किती आले?
२. बोअरिंग सांगताय तर टेपर आणि अंडाकृतीपणा किती? कोणत्या सिलिंडरचा?
३. आता पिस्टन स्टँडर्ड साइजचा आहे की आधीच एकदा कापलाय? पिस्टनच्या माथ्यावर साइजचा शिक्का असतो, फोटो मागा.
४. हेड सपाट आहे का? तडा तपासला का?
५. बदललेले जुने पार्ट मला परत मिळतील ना?

पार्ट घेताना एक काळजी. ७९६ सीसी म्हटलं की सगळं सारखं नसतं. नंतरच्या १२ व्हॉल्व्हच्या इंजिनाचा बोअर-स्ट्रोक हाच, पण हेड वेगळं. जुन्या ६ व्हॉल्व्हच्या इंजिनाचे पार्ट अजून मिळतात, कारण हेच इंजिन ऑम्नीमध्ये २०१९ पर्यंत येत होतं. दुकानात जाताना जुना पार्ट सोबत न्या.

आणि कुर्ल्याच्या बाजारातून किंवा कुठूनही अख्खं जुनं इंजिन आणून बसवायचा सल्ला मिळाला तर थांबा. इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो आणि तोच आरसीवर असतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी आणि पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरणाला जाते, तेव्हा गाडी तपासली जाते. इंजिन बदलायचं असेल तर कागद आणि आरटीओची परवानगी आधी, पाना नंतर.

थोडक्यात, क्रम लक्षात ठेवा. आधी चालू इंजिनाची चाचणी, मग खोलणं, पुसण्याआधी बघणं, कापण्याआधी मापणं. यातली कुठलीही पायरी मागे जाऊन परत करता येत नाही, म्हणून प्रत्येक पायरीचा आकडा मोबाइलमध्ये लिहिलेला असू द्या. पुढच्या वेळी कुणी "इंजिन करावं लागेल" म्हटलं की तुमचा पहिला प्रश्न ठरलेला असेल, "माप किती आलं?"